दहा रुपये वाढवले तर किती गिऱ्हाईक जाईल?

भोरशेजारच्या उत्रोलीहून मी तुमच्याशी बोलते आहे. बचत गटांची समन्वयक म्हणून भोर आणि वेल्ह्याच्या गावांत माझं सारखं जाणं-येणं असतं, त्यामुळं तुमच्यापैकी बऱ्याच जणी मला तोंडानं ओळखता. आज हिशोबाचंच बोलायचं आहे. घाबरू नका, कर्जाच्या हप्त्याचं नाही.

गटाच्या बैठकीत एक प्रश्न हमखास निघतो. "ताई, डाळ महागली, पॅकिंगची पिशवी महागली, पापडाचा भाव वाढवू का?" लगेच दुसरी म्हणते, "वाढवला तर कोण घेणार?" आणि कोपऱ्यातली तिसरी म्हणते, "उलट कमी करा, म्हणजे जास्त खपेल." मग चहा येतो आणि प्रश्न पुढच्या महिन्यावर जातो. तिघींचंही म्हणणं खरं असू शकतं, तिघींचंही खोटं असू शकतं. भाव बदलला की गिऱ्हाईक किती हलतं, यावर ते ठरतं.

या "किती हलतं"ला अर्थशास्त्रात मागणीची लवचिकता म्हणतात. आल्फ्रेड मार्शल नावाच्या इंग्रज अर्थशास्त्रज्ञानं १८९० साली आपल्या ग्रंथात ही कल्पना नीट मांडली. बी.ए.ला असताना मी ती वाचली, पण खरी समजली ती बाजारात पाटीमागं बसलेल्या बायकांकडं बघून. लवचिकतेला इंग्रजीत इलॅस्टिसिटी म्हणतात. म्हणजे आपलं इलॅस्टिकच की! परकराला कुणी नाडी घालतं, कुणी इलॅस्टिक. इलॅस्टिक जरा ओढलं की लांब ताणलं जातं. नाडी कितीही ओढा, आहे तेवढीच राहते. बाजारातल्या वस्तूही अशा दोन प्रकारच्या असतात. भाव थोडा हलला की काहींचा खप लगेच कमी-जास्त होतो, त्या इलॅस्टिकच्या. काहींचा भाव कितीही हलला तरी खप जिथल्या तिथं, त्या नाडीच्या.

काडेपेटी बघा. १४ वर्षं ती १ रुपयाला मिळत होती. १ डिसेंबर २०२१ पासून २ रुपयांना झाली. एकदम दुप्पट, म्हणजे शंभर टक्के वाढ! म्हणून कुणी देवापुढचा दिवा लावायचं थांबवलं का? चूल पेटायची राहिली का? कुणी एका महिन्यात निम्म्या काडेपेट्या वापरल्या का? नाही. कारण गरज रोजची, आणि महिन्याच्या खर्चात ते २ रुपये कुठं दिसतही नाहीत. ही पक्की नाडी.

मिठाचंही तसंच. इंग्रज सरकारनं मिठावर कर ठेवला होता, कारण कितीही गरीब घर असलं तरी मीठ सोडता येत नाही. म्हणजे सरकारला पैसा हमखास. १९३० साली गांधीजी दांडीला चालत गेले आणि आपल्याकडं आताच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात शिरोड्याला मिठाचा सत्याग्रह झाला, तो याच दुखण्यावर. जी वस्तू सोडताच येत नाही तिच्यावर पैसे वाढवणं ही एक जबरदस्तीच असते, असं मला वाटतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, गिरणीच्या दळणाबद्दल बोलताना ती परत येणार आहे.

आता इलॅस्टिक बघू. १७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट झालं. भाव ५० टक्के उतरला. भोरच्या स्टँडवर गाडी लागल्यावर दारात कोण दिसतं ते तुम्हाला सांगायला नको. पण त्या गर्दीत दोन तऱ्हेच्या बायका आहेत, हे बघा. एक शिरवळच्या कंपनीत कामाला जाणारी. ती पूर्ण तिकीट असतानाही रोज जात होती, अर्धं झाल्यावरही रोजच जाते. अर्धं झालं म्हणून कामावर दिवसातून दोनदा जाणार नाही. तिचे पैसे वाचले, फेऱ्या वाढल्या नाहीत. दुसरी आहे ती माहेरी वर्षातून दोनदा जायची, ती आता सणासुदीशिवायही जाऊन येते. गुडघे दुखायचे तरी पुण्याला डॉक्टरकडं जायचं पुढं ढकलायची, ती आता जाते. मांढरदेवीला जीपनं, वडापनं जाणारी आता एसटीची वाट बघते. एकच गाडी आणि एकच तिकीट, पण एकीची मागणी नाडीची आणि दुसरीची इलॅस्टिकची. म्हणून "अमुक वस्तूची मागणी लवचिक असते" असं पाठ करून भागत नाही. कोण घेतंय, कशासाठी घेतंय आणि तिच्याजवळ दुसरा मार्ग कोणता आहे, हे विचारावं लागतं. पुढं २५ जानेवारी २०२५ पासून एसटीचं भाडं १४.९५ टक्क्यांनी वाढलं, तेव्हा कंपनीतली ती ताई कुरकुरत का होईना, त्याच गाडीनं गेली.

गॅसच्या टाकीतून हेच अजून स्पष्ट दिसतं. १ मे २०१६ ला उज्ज्वला योजना सुरू झाली आणि आपल्या डोंगरातल्या घरांतही शेगडी आली. शेगडी आली, पण टाकी संपल्यावर दुसरी भरायची की नाही, ते भावावर ठरायला लागलं. २०२३ च्या उन्हाळ्यात टाकी १,१०० रुपयांच्या पुढं होती. पुण्यातल्या फ्लॅटमधल्या बाईनं काय केलं? पैसे दिले. तिथं चूल मांडायला जागा नाही, लाकूड नाही. आपल्याकडल्या बाईनं काय केलं? टाकी चहापुरती आणि पाहुण्यांपुरती ठेवली, बाकी स्वयंपाक पुन्हा चुलीवर. त्या वर्षी रक्षाबंधनाच्या तोंडावर सरकारनं टाकीमागं २०० रुपये कमी केले, पुढं ८ मार्च २०२४ ला आणखी १०० कमी झाले. शहरात त्यानं पैसे वाचले. आपल्याकडं टाकीचा वापरच बदलतो, कारण आपल्याला पर्याय आहे. पण तो पर्याय काय आहे? डोक्यावर मोळी आणि डोळ्यांत धूर. मला कुणी म्हणालं की गरिबाची मागणी फार लवचिक असते, तर मी म्हणते, हो, कारण त्या इलॅस्टिकचं दुसरं टोक आमच्या बायकांच्या मानेला बांधलेलं आहे.

आता कांद्याकडं येते. इथं जरा थांबून बोलायचं आहे, कारण यात आपण दोन्ही बाजूंनी असतो. आपण कांदा घेतो आणि आपल्यातल्या काही जणी तो पिकवतातही.

फेब्रुवारी २०२३ मध्ये सोलापूरच्या बाजारात एका शेतकऱ्यानं ५१२ किलो कांदा विकला. किलोला १ रुपया भाव मिळाला. वाहतूक, हमाली, तोलाई कापून त्याच्या हातात धनादेश पडला २ रुपयांचा. बातमी सगळीकडं गाजली. लोक म्हणाले, व्यापारी लबाड. व्यापाऱ्याची बाजू घ्यायला मी आलेले नाही. पण सगळ्या व्यापाऱ्यांना रातोरात देवमाणूस केलं असतं, तरी त्या आठवड्यात भाव पडलाच असता. का ते बघा. कांदा २० रुपयांवरून १० वर आला म्हणून तुम्ही दुप्पट कांदा खाल का? भाजीला दोन कांदे घालत होतो तर फार तर तिसरा घालू. स्वस्त झाला म्हणून कुणी दिवसातून दोनदा पोहे करत नाही. पोटाला मर्यादा आहे. त्यातून तो रांगडा कांदा, फार दिवस ठेवता येत नाही, आज ना उद्या विकावाच लागतो. माल जास्त, खाणारी तोंडं तेवढीच. मग जास्तीचा माल कुणीतरी उचलावा म्हणून भाव पडत जातो आणि थोडाथोडका नाही, खूप पडतो.

आकड्यानं सांगते, मनातल्या मनात करा. समजा, एका बाजारात आठवड्याला १०० पोती येतात आणि पोत्याला २,००० रुपये मिळतात. सगळ्या शेतकऱ्यांचे मिळून २ लाख झाले. पुढच्या वर्षी पाऊस चांगला, बियाणं चांगलं, १२० पोती आली. तेवढी खपायला भाव उतरून १,२०० वर आला. आता १२० गुणिले १,२००, किती झाले? १ लाख ४४ हजार. पोती २० जास्त, कष्ट जास्त, मजुरी जास्त आणि पैसे ५६ हजारांनी कमी. "पीक चांगलं आलं आणि घर बुडालं" असं सासऱ्यांच्या तोंडून ऐकलेलं असतं ना, ते हेच. नाडीच्या वस्तूचा हा शाप आहे. त्या वर्षी मार्चमध्ये राज्य सरकारनं क्विंटलमागं ३५० रुपये अनुदान जाहीर केलं, ते यामुळंच.

आणि उलट्या बाजूनं बघा. कांदा कमी आला की गिऱ्हाईक मागं हटत नाही, कारण कांद्यावाचून आपलं कालवण होत नाही. मग थोडा माल कमी पडला तरी भाव दुप्पट-तिप्पट होतो. १९९८ साली दिल्लीच्या निवडणुकीत कांद्याच्या भावानं सरकारला घाम फोडला होता. म्हणून सरकारं कांद्याला भितात आणि निर्यात बंद करतात. ८ डिसेंबर २०२३ ला बंदी घातली, ती ४ मे २०२४ ला उठली. शहरातल्या गिऱ्हाइकाचं भागलं, पिकवणारीचं काय झालं ते लासलगावकडच्या बायकांना विचारा.

टोमॅटोची गोष्ट थोडी वेगळी आहे. जुलै २०२३ मध्ये आपल्याच जिल्ह्यात नारायणगावच्या बाजारात २० किलोच्या क्रेटला २,००० रुपयांच्या वर भाव गेला होता. तेव्हा आपण काय केलं? आमटीत चिंच घातली, आमसूल घातलं, भाजीत दही घातलं. आंबटपणाला आपल्याकडं चार पर्याय आहेत. आपलं सोडा, मॅकडोनल्ड्ससारख्या मोठ्या कंपनीनं उत्तर आणि पूर्व भारतातल्या आपल्या बऱ्याच दुकानांत बर्गरमधून टोमॅटो काढून टाकला होता. म्हणजे महागल्यावर टोमॅटोला लोक कांद्यापेक्षा लवकर सोडतात. पण स्वस्त झाल्यावर? भाव बघून सगळीकडं लागवडी झाल्या आणि सप्टेंबरात शेतकऱ्यांवर टोमॅटो रस्त्यावर ओतायची वेळ आली. वर जाताना इलॅस्टिक आणि खाली येताना नाडी, असंही एखाद्या वस्तूचं होतं. पुस्तकात हे इतकं ठळक लिहिलेलं नसतं.

यातून आपल्याला करता येण्यासारखं काय आहे? शेतीचा भाव आपल्या हातात नाही, पण आपल्या हातातल्या चार वाफ्यांची तारीख आहे. एका गावात दहा जणी कोथिंबीर, मेथी करत असतील आणि दहाही जणींनी एकाच आठवड्यात बी टाकलं, तर दहाही जणींच्या जुड्या एकाच बाजाराला येणार. मेथी कांद्याहूनही नाजूक, संध्याकाळपर्यंत माना टाकते. मग सकाळी १५ ची जुडी दिवस मावळताना ५ ला. बैठकीत ठरवून दोघी-दोघींनी आठवड्याच्या अंतरानं बी टाकलं तर? माल तेवढाच, कष्ट तेवढेच, फक्त एकमेकींच्या पायात पाय नाही. हे गटाला जमू शकतं, एकटीला जमत नाही.

आता पापडाकडं या. इथं कागद-पेन्सिल असेल तर घ्या.

समजा, आपला गट पापडाचा पुडा ५० रुपयांना विकतो आणि महिन्याला १०० पुडे जातात. एका पुड्याला खर्च ३८ रुपये. त्यात डाळ, मसाला, तेल, पिशवीचे २८ आणि लाटणाऱ्या बायकांची मजुरी १०. पुड्यामागं १२ उरतात, १०० पुड्यांचे १,२००. ठीक? आता आपण भाव ६० केला. शंभरातली वाढ काढायची तर २० टक्के. आणि गिऱ्हाईक तुटलं, १०० ऐवजी ६० पुडे गेले, म्हणजे ४० टक्के घट. ४० ला २० नं भागा, २ आले. हाच तो लवचिकतेचा आकडा. १ पेक्षा जास्त आला की समजायचं इलॅस्टिक, १ पेक्षा कमी आला की नाडी. आपला २ आला, म्हणजे चांगलंच इलॅस्टिक. विक्री आधी ५,००० ची होती, आता ३,६०० ची झाली.

आता वहीत बघा, गंमत आहे. पुड्यामागं आता २२ रुपये उरतात, ६० पुड्यांचे १,३२०. म्हणजे विक्री कमी झाली आणि नफा १२० नं वाढला! सचिव खूश. सगळ्या जणी म्हणणार, बघा, भाव वाढवला ते बरंच केलं. पण थांबा. मजुरी कुठं गेली? १०० पुड्यांना १,००० रुपये मजुरी बायकांच्या घरी जात होती, आता ६० पुड्यांना ६००. नफा आणि मजुरी मिळून आधी २,२०० रुपये आपल्याच बायकांचे होते, आता १,९२० झाले. गटाच्या वहीत फायदा आणि घरात तोटा. ज्या ताईला नफ्याच्या वाटणीपेक्षा रोजच्या लाटण्याचे पैसे महत्त्वाचे आहेत, तिचंच नुकसान सगळ्यात जास्त, आणि बहुतेक वेळा तीच बैठकीत सगळ्यात मागं बसते. अर्थात, तेच ४० पुड्यांचे तास तिला दुसरीकडं कामाला लावता आले, तर गोष्ट वेगळी. पण ते तिला विचारून ठरवा.

"मग कमी करा भाव" म्हणणाऱ्या तिसऱ्या ताईचंही बघू. ५० चे ४५ केले. पुड्यामागं १२ उरत होते, ते ७ वर आले. ५ रुपये म्हणजे गिऱ्हाइकाच्या लेखी १० टक्के सूट, आपल्या लेखी नफ्यातले जवळजवळ निम्मे गेले. आधीइतका नफा हवा तर आता १०० ऐवजी १७२ पुडे विकावे लागतील. मजुरी धरून हिशोब केला तरी १३० पुडे विकल्यावर बायकांच्या घरात तेवढेच २,२०० येणार. म्हणजे ३० पुडे जास्तीचे लाटायचे आणि हाती जास्तीचं काही नाही. १० टक्के सूट देऊन ३० टक्के जास्त खप होईल का? झाला तर जरूर करा. पण ते डोळे झाकून धरू नका.

आता मसाला घ्या. आपल्याकडं उन्हाळ्यात वर्षाचा कांदा-लसूण मसाला घरोघर लागतो. ज्या घराला एका गटाच्या मसाल्याची चव लागली, ते घर सहजासहजी दुसरीकडं जात नाही, कारण मसाला बिघडला तर वर्षभराचं कालवण बिघडतं आणि सासूबाईंचं ऐकावं लागतं ते निराळंच. समजा, किलोला ५०० होते ते ५५० केले, १० टक्के वाढ. ४० किलो जात होता तो ३८ किलो गेला, ५ टक्के घट. ५ ला १० नं भागा, अर्धा. नाडी. विक्री २०,००० ची २०,९०० झाली. एकच गट, त्याच बायका, पण पापडाला एक न्याय आणि मसाल्याला दुसरा. मिरची महागल्यावर सगळ्या वस्तूंवर सरसकट दहा टक्के लावणारे गट मी बघते, तेव्हा मला वाईट वाटतं. मसाल्यावर अजून मिळाले असते ते सोडून देतात, आणि पापडावरचं गिऱ्हाईक घालवतात.

पापड असा का आणि मसाला तसा का? पापड दुकानात दहा तऱ्हेचे मिळतात, शिवाय शेजारच्या गावातला गटही पापडच करतो. इथं एक बारीक गोष्ट आहे, ती नीट ऐका. सगळ्या बाजाराचा कांदा आणि माझ्या पाटीतला कांदा यांत फरक आहे. सगळ्या बाजाराच्या कांद्याची मागणी नाडीची, हे आपण बघितलं. पण भोरच्या बाजारात दहा पाट्या ओळीनं लागल्या असताना माझ्या एकटीच्या पाटीवर किलोला ५ रुपये जास्त सांगितले, तर गिऱ्हाईक एक पाऊल पुढं टाकतं, बस. माझ्या पाटीची मागणी एकदम इलॅस्टिकची. "कांदा तर लागतोच, भाव वाढवला तरी घेतील" हे बाजारासाठी खरं आणि माझ्यासाठी खोटं. बचत गटांची बरीच फसगत इथं होते. एका गटाचं लोणचं चाललं की पंचक्रोशीतले सगळे गट लोणचं घालतात, आणि मग कुणालाच भाव वाढवता येत नाही.

भाताचं तसंच. नुसता "तांदूळ" म्हटलं तर गिऱ्हाईक पटकन हलतं. रेशनवर जानेवारी २०२३ पासून धान्य मोफत मिळतंय, दुकानात कोलम आहे, सोनामसुरी आहे. पण आपल्याकडचा आंबेमोहर खाल्लेल्या पुण्यातल्या घराला त्याच वासाचा भात हवा असतो. इंद्रायणीचंही थोडंफार तसंच, तिच्यातही आंबेमोहराचंच रक्त आहे. असं गिऱ्हाईक १० रुपयांसाठी हलत नाही, पण एकदा पोत्यात भेसळ सापडली तर कायमचं हलतं. डिसेंबरात पुण्याला भीमथडी जत्रेला स्टॉल लावणाऱ्या गटांना हे ठाऊक आहे. तिथं लोक भावापेक्षा "तुमचाच ना हा?" हे आधी विचारतात.

कंपन्यांना हे सगळं आपल्याआधी कळलेलं आहे. ५ रुपयांचा बिस्किटाचा पुडा बघा. मैदा महागला, साखर महागली, पुडा ५ रुपयांचाच. पण हातात घेऊन बघा, हलका झालाय. ५ चे ६ केले तर पोरांच्या हातातला खाऊचा पैसा दुसऱ्या पुड्याकडं वळेल, हे त्यांना माहीत आहे. म्हणून भाव तोच ठेवून वजन उतरवतात. आपण हे करावं का? वजन पिशवीवर खरं छापलं तर कायद्यानं चालतं. पण आपलं गिऱ्हाईक आपल्याला नावानं ओळखतं, पापड मोजून घेतं. वजन कमी करायचं तर तोंडानं सांगून करा, असं माझं मत आहे.

आणि ते दळणाचं राहिलं. वाडीत एकच पिठाची गिरणी असेल आणि ती गटाची असेल, तर दळणाची मागणी नाडीची. पीठ तर लागतंच, डोक्यावर डबा घेऊन दुसऱ्या गावाला कोण जाणार? किलोमागं २ रुपये वाढवले तरी दळण येणार. हिशोबात हे बसतं. पण येणारी दळणं कुणाची? आपल्याच बायकांची, आपल्याच भावकीची. विजेचं बिल वाढलं तर तेवढं जरूर वाढवा आणि बिल भिंतीला चिकटवा. गिऱ्हाइकाला जायला दुसरी जागा नाही, एवढ्याच कारणानं भाव वाढवायचा असेल, तर मला आठवतो तो मिठाचा कर.

आता तुम्ही विचाराल, आमच्या वस्तूचा आकडा आम्हाला कसा कळणार? पुस्तकात मिळणार नाही, मलाही सांगता येणार नाही. तो तुमच्या वहीत मिळतो. बहुतेक गटांच्या वहीत किती रुपये आले ते लिहिलेलं असतं, किती पुडे गेले ते लिहिलेलं नसतं. आजपासून दोन रकाने करा: भाव किती, नग किती. आधी चार बाजार जुन्याच भावानं लिहा. मग एकाच वस्तूचा भाव थोडाच बदला, ५० चे ५४, एकदम ६५ नाही. पुढचे चार बाजार लिहा. सणाचा आठवडा धरू नका. गौरी-गणपतीत आणि दिवाळीत गिऱ्हाईक एरवीसारखं वागत नाही, तेव्हाचा आकडा फसवतो. मुसळधार पावसात बाजार बसतो, तो आठवडाही सोडा. आणि गिऱ्हाईक लगेच जात नाही, हेही ध्यानात ठेवा. भाव वाढल्याच्या पहिल्या बाजाराला ते सवयीनं घेतं, मग शेजारणीला विचारतं, दुसरा पुडा आणून चव बघतं आणि महिन्या-दोन महिन्यांनी यायचं बंद होतं. म्हणून पहिल्या आठवड्याला खप टिकला की लगेच पेढे वाटू नका.

एक जुनं गिऱ्हाईक आलं नाही तर तिला वाटेत गाठून विचारा, "वहिनी, भाव जास्त वाटला का?" बायका खरं सांगतात. कधी कळतं की भाव नाही, पापड खारट झाला होता.

दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी घ्यायचे दिवस जवळ येत आहेत. चिवडा आणि चकली यांचे भाव बऱ्याच गटांना ठरवायचे आहेत. चिवडा सगळेच करतात. भाजणीची चकली मात्र पुण्या-मुंबईकडं नोकरी करणाऱ्या कित्येक घरांत आता करायला वेळ नाही, आणि बाजारातली त्यांना आवडत नाही. कुठल्या वस्तूवर वाढवायचं आणि कुठल्या वस्तूला हात लावायचा नाही, ते आपापल्या बैठकीत ठरवा. गेल्या वर्षीचे किलोचे आकडे ज्यांच्याकडं आहेत त्यांनी वही घेऊन या. लाटणाऱ्या, तळणाऱ्या ताईंनाही पुढं बसवा. मी पुढच्या आठवड्यात वेल्ह्याच्या बाजूला आणि मग नसरापूरला आहे, तिथल्या गटांबरोबर हाच हिशोब मांडून बसणार आहे.